मोरो रघुनाथाचें प्रकरण

इंग्लंडच्या राज्यघटनेचा इतिहास आमच्याकडील महाविद्यालयांतून गेलीं शंभरांहून अधिक वर्षें शिकविला जात आहे. पहिल्या चार्लस राजानें सक्तीचें कर्ज देण्याचें नाकारणाऱ्या पांच मानकऱ्यांस इ. स. १६२७ सालीं बंदींत टाकलें, ‘आम्हांस कोणत्या कायद्यान्वयें कोंडलें आहे?’ असा प्रश्न त्यांनीं न्यायासनापुढें केला, आणि त्या प्रश्नांतून पुढें केवढा राजकीय कल्लोळ उद्भवला, ही हकीकत पदवीपरीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. परंतु हाच प्रश्न दोनशें वर्षांनंतर पुण्याच्या एका मुलाविषयीं मुंबईच्या न्यायालयांत विचारला गेला, त्यावरून गव्हर्नर व न्यायाधीश एकमेकांसमोर उभे ठाकले, न्यायालयाचे दरवाजे बंद झाले, आणि अखेर तो तंटा विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला, ही गोष्ट त्यांच्यापैकीं फारच थोड्यांच्या कानांवर आलेली असते. ‘मोरो रघुनाथ कोण?’ असें विचारल्यास ‘नाना फडणिसांचा चुलतभाऊ मोरोबा’ असें उत्तर मिळण्याचा संभव अधिक!

आमच्या मतें ही केवळ स्थानिक कुतूहलाची बाब नाहीं. बंदिवासाची कायदेशीरता न्यायालयांत तपासून घेण्याचा जो हक्क आज आपण गृहीत धरून चालतों, त्याचा या देशांतील इतिहास म्हणजे मुख्यतः त्याच्या हद्दीचा इतिहास आहे. हा प्रश्न कोठपर्यंत विचारतां येतो, कोणास विचारतां येतो, आणि राज्यकर्ता कोणत्या ठिकाणीं ‘यापुढें नाहीं’ असें म्हणून रेघ ओढतो, हें त्यांत पाहावयाचें असतें. ती पहिली ठळक रेघ आमच्या महाराष्ट्रांत ओढली गेली, व तिचें निमित्त मोरो रघुनाथ झाला.

प्रथम या हुकुमाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ‘हेबियस कॉर्पस’ हे लॅटिन शब्द होत. अमुक इसमाचा देह न्यायालयापुढें हजर कर, असा त्यांचा व्यवहारांतील अर्थ आहे. हा हुकूम कैद्याला नसतो. ज्यानें त्यास कोंडलें आहे त्याला असतो, मग तो तुरुंगाधिकारी असो, सरदार असो, वा घरांतील वडील माणूस असो. त्यानें माणूस हजर करावयाचा आणि कोणत्या अधिकारानें आपण त्यास अडकवून ठेवलें आहे याचा लेखी जबाब द्यावयाचा. जबाब कायद्यास धरून असला तर बंदिवान परत जातो. नसला तर न्यायालय त्यास तेथल्या तेथें मोकळा करतें. कैदी अपराधी कीं निरपराध हा प्रश्न येथें मुळींच नसतो. अट्टल चोर झाला तरी त्यास कोंडण्याचा अधिकार कोंडणाऱ्यापाशीं आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहावयाचें. ही गोष्ट ध्यानांत न ठेवल्यामुळें ‘असल्या माणसाची एवढी कड कशास घ्यावी?’ असा आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडूनहि ऐकूं येतो.

या प्रश्नाचें बळ त्याच्या जबाबावर अवलंबून असतें. १६२७ सालीं राजातर्फे ‘राजाच्या विशेष हुकुमावरून’ एवढाच जबाब आला, आणि न्यायाधीशांनीं मानकऱ्यांस जामिनावर सोडण्याचें नाकारलें. असला जबाब पुरेसा मानला तर प्रश्नास अर्थच उरत नाहीं, हें इंग्लंडांतील लोकांनीं ओळखलें. पुढच्याच वर्षीं पार्लमेंटानें आपली हक्कांची मागणी राजापुढें ठेवली, आणि १६७९ सालीं या हुकुमास कायद्याची भक्कम चौकट मिळाली. १७७२ सालीं टेम्स नदींतील एका जहाजावर बेड्या घालून ठेवलेल्या जेम्स सॉमरसेट नांवाच्या गुलामास लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं याच हुकुमाच्या जोरावर मुक्त केलें. अशी ज्याची कीर्ति, तो हुकूम राजाच्या न्यायाधीशांबरोबर समुद्र ओलांडून मुंबईस आला.

त्या वेळची मुंबई इलाख्याची स्थिति मोठी चमत्कारिक होती. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व पुण्याचा मुलूख कंपनीसरकारच्या अमलाखालीं गेला. तेथें एल्फिन्स्टननें कंपनीच्या अदालती स्थापिल्या, आणि दक्षिणेंतील सरदार-मानकऱ्यांचा मान राखण्यासाठीं त्यांस कांहीं खास सवलती दिल्या. उलट मुंबई बेटावर १८२४ सालीं सुप्रीम कोर्ट सुरू झालें. त्याचे न्यायाधीश राजाच्या सनदेनें नेमलेले असून कंपनीच्या नोकरींतील नव्हते. त्या सनदेनें त्यांस इंग्लंडांतील वरिष्ठ न्यायासनाचे अधिकार दिले होते. मात्र ते अधिकार कोणत्या भूमीपर्यंत व कोणत्या माणसांपर्यंत पोंचतात हें निःसंदिग्ध नव्हतें. एका राज्यांत दोन प्रकारचीं न्यायालयें, एक राजाचें व दुसरें कंपनीचें, आणि दोहोंमधील सीमा अस्पष्ट! ठिणगी पडावयास निमित्तच हवें होतें.

तें १८२८ सालीं मिळालें, व एक सोडून दोन मिळालीं. बापू गणेश नांवाचा इसम कंपनीच्या न्यायालयाच्या शिक्षेवरून ठाण्याच्या तुरुंगांत होता. त्यास हजर करण्याविषयीं ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यास हुकूम निघाला. दुसरें प्रकरण मोरो रघुनाथाचें. हा अल्पवयी मुलगा पुण्यास आपले आप्त व पालक पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यांत होता. हे गृहस्थ पुण्याच्या प्रतिष्ठित घराण्यांतील. मुलास त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवलें आहे, अशी तक्रार मुंबईस सुप्रीम कोर्टांत दाखल झाली, आणि कोर्टानें पांडुरंग रामचंद्रांस मुलासह हजर होण्याचा हुकूम काढला. वाचकांनीं या दोहोंतील फरक लक्षांत घ्यावा. एक कैदी सरकारी तुरुंगांतला, दुसरा घरच्या चार भिंतींतला. परंतु हुकूम एकच, आणि प्रश्नहि एकच.

या वेळीं गव्हर्नरच्या जागीं सर जॉन माल्कम होते. माल्कम म्हणजे कोणी उथळ अंमलदार नव्हे. बाजीरावास शरण आणण्याची वाटाघाट त्यांनींच केली होती. हिंदुस्थानच्या इतिहासावर त्यांनीं ग्रंथ लिहिले होते. येथील सरदारांचीं मनें कशीं दुखावतात याची त्यांस बारीक जाण होती. पेशवाई जाऊन अवघीं दहा वर्षें झालेलीं. अशा वेळीं पुण्याच्या एका मानकऱ्यास मुंबईच्या कोर्टाचा बेलीफ घरांतून बोलावूं लागला, आणि ठाण्याच्या तुरुंगांतून कंपनीच्या अदालतीनें शिक्षा दिलेला कैदी राजाचें कोर्ट सोडूं लागलें, तर मुलखांत कंपनीचा वचक राहणार नाहीं, असें त्यांस प्रामाणिकपणें वाटत होतें. या भीतींत तथ्य नव्हतें, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

परंतु त्यांनीं केलें काय? ३ ऑक्टोबर १८२८ रोजीं गव्हर्नर व त्यांच्या कौन्सिलनें न्यायाधीशांस एक पत्र धाडलें. कंपनीच्या मुलखांतील न्यायालयांच्या अंमलदारांवर, किंवा मुंबईबाहेर राहणाऱ्या एतद्देशीय लोकांवर काढलेल्या असल्या हुकुमांस जबाब मिळणार नाहीं व ते अमलांत येऊं दिले जाणार नाहींत, असा त्याचा आशय होता. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट त्यापूर्वींच ऑगस्टांत वारले होते. उरलेले दोघे, सर चार्लस चेंबर्स व सर जॉन पीटर ग्रँट, यांनीं हें पत्र भर कोर्टांत जाहीर करून त्याचा तीव्र निषेध केला. थोड्याच दिवसांत चेंबर्सहि वारले, आणि राजाच्या न्यायासनावर ग्रँट एकटेच उरले. त्यांनीं पुण्यास पुन्हां हुकूम पाठविले. सरकारनें ते बजावूं दिले नाहींत. शेवटीं १८२९ च्या एप्रिलांत, ज्या न्यायालयाचा हुकूम कोणी मानीत नाहीं तें चालवावयाचें कशास, अशा भूमिकेवरून ग्रँट यांनीं न्यायालयच बंद केलें. मुंबईंतील ज्या शेंकडों पक्षकारांचा या भांडणाशीं कांहींएक संबंध नव्हता, त्यांचे दावे त्यामुळें खोळंबले. ग्रँट यांच्या तडफेचें कौतुक करतांनाहि त्यांची ही कृति आम्हांस योग्य वाटत नाहीं. एका माणसाच्या न्यायासाठीं सर्वांच्या न्यायाचें दार लावून घेणें हा न्यायाधीशाचा मार्ग नव्हे.

दरम्यान हें भांडण राजाकडे गेलें होतें, आणि १८२९ सालींच प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला. तो सर्वस्वीं माल्कम यांच्या बाजूचा होता. हे हुकूम गैरवाजवी रीतीनें निघाले; मुंबईच्या हद्दींत राहणारा, किंवा हद्दीबाहेर असूनहि जो व्यक्तिशः या कोर्टाच्या अधिकाराखालीं येतो, अशाखेरीज दुसऱ्या कोणावर कोर्टास असा हुकूम काढतां येत नाहीं; कंपनीच्या न्यायालयानें बंदींत ठेवलेल्या माणसास सोडण्याचा अधिकारहि त्यास नाहीं, असें ठरलें. विलायतेंत हिंदुस्थानचा कारभार पाहणारे लॉर्ड एलनबरो यांनीं माल्कम यांस लिहिलेलें एक पत्र पुढें बाहेर फुटलें. दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्यें रानहत्ती घालून चालवावा, तसे ग्रँट यांच्या दोहों बाजूंस दोन नवे न्यायाधीश बसवीत असल्याचें त्यांनीं त्यांत सांगितलें होतें! त्यांपैकीं मुख्य न्यायाधीश झालेले ड्यूअर हे याच प्रकरणांत सरकारचे ॲडव्होकेट-जनरल होते. न्यायखात्याकडे राज्यकर्ते कोणत्या दृष्टीनें पाहतात, याचा याहून बोलका पुरावा शोधावयास नको.

येथें एका प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे. कायदा जर माल्कम यांच्या बाजूनें होता, तर त्यांचें चुकलें कोठें? आमचें उत्तर असें कीं, ‘या कोर्टास माझ्यावर अधिकार नाहीं’ हाहि एक जबाबच आहे. तो न्यायालयापुढें येऊन द्यावयाचा, तेथें तो अमान्य झाला तर वर दाद मागावयाची, व अखेरचा निकाल लागेपर्यंत हुकुमाचा मान राखावयाचा. माल्कम यांनीं निकालाच्या आधींच, आणि न्यायालयाबाहेरून, ‘आम्ही जबाब देणार नाहीं’ असें कळविलें. स्वतःच्या खटल्यांत ते स्वतःच न्यायाधीश झाले. मागाहून प्रिव्ही कौन्सिलनें त्यांचें म्हणणें उचलून धरलें, त्यायोगें त्यांचा कायदा बरोबर ठरला. त्यांची रीत मात्र बरोबर ठरत नाहीं. चुकीच्या प्रश्नासहि उत्तर द्यावें लागतें, या बंधनांतच या हुकुमाचें सर्व सामर्थ्य सांठविलेलें आहे.

निकालाचा परिणाम काय झाला तें पुण्याच्याच दुसऱ्या एका प्रकरणावरून दिसतें. मोरो रघुनाथाच्या प्रकरणाआधीं एकच वर्ष, म्हणजे १८२७ सालीं, मुंबई सरकारनें आपला पंचविसावा रेग्युलेशन केला होता. राज्याच्या सुरक्षिततेच्या नांवाखालीं वाटेल त्यास चौकशीवांचून अटकेंत ठेवण्याची सोय त्यांत होती. हें जुनें हत्यार सत्तर वर्षांनीं बाहेर निघालें. रँडच्या खुनानंतर १८९७ च्या जुलै महिन्यांत पुण्याचे नातूबंधू याच रेग्युलेशनखालीं पकडले गेले. त्याच वर्षीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ती शिक्षा अन्यायाची होती यांत शंका नाहीं. तथापि तेथें आरोप होता, ज्यूरी होती, बचावाचें भाषण होतें, आणि शिक्षेस मुदत होती. नातूंच्या वांट्यास यांतील एकहि गोष्ट आली नाहीं. टिळक १८९८ सालीं सुटले. नातूबंधूंची सुटका १८९९ पर्यंत झाली नाहीं. शिक्षा झालेला आधीं बाहेर येतो आणि ज्याच्यावर आरोपच नाहीं तो मागें राहतो, हा चमत्कार कायद्याच्या चौकटींत राहूनच घडला!

यावरून हद्दीचे दोन प्रकार दिसून येतात. एक भूमीची हद्द आणि दुसरी विषयाची. पहिली १८२९ सालीं मुंबई बेटाच्या कडेनें आंखली गेली. दुसरी १८७० सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टांत स्पष्ट झाली. १८१८ च्या बंगाल रेग्युलेशनखालीं पकडलेल्या अमीरखान नांवाच्या व्यापाऱ्यातर्फे ॲन्स्टी या मुंबईच्या नामांकित बॅरिस्टरांनीं तेथें जाऊन मोठा लढा दिला. परंतु अटकेस कायद्याचा आधार आहे, असें म्हणून न्यायमूर्ति नॉर्मन यांनीं अर्ज नामंजूर केला. म्हणजे शहर कोर्टाच्या हद्दींत असूनहि प्रश्न मात्र हद्दीबाहेरचा ठरला.

भूमीची रेघ पुसण्यास बराच काळ लागला. १८६२ सालीं हायकोर्टें आलीं, १८९८ च्या फौजदारी कायद्यांत ४९१ वें कलम आलें, आणि १९२३ सालच्या दुरुस्तीनें तें हायकोर्टांच्या संपूर्ण अपिली हद्दीस लागू झालें. मोरो रघुनाथासाठीं काढलेला हुकूम पुण्याच्या वेशींतून निर्धास्तपणें आंत शिरूं शकला, तो असा जवळजवळ पंचाण्णव वर्षांनंतर.

विषयाची रेघ याहून चिवट निघाली. दुसऱ्या महायुद्धांत हजारों माणसें भारतसंरक्षण नियमांखालीं स्थानबद्ध झालीं. मुंबईचे केशव तळपदे यांच्या प्रकरणांत फेडरल कोर्टानें एप्रिल १९४३ मध्यें निकाल दिला कीं, ज्या सव्विसाव्या नियमाखालीं हें चाललें आहे, तो मूळ कायद्यानें दिलेल्या अधिकारापलीकडचा आहे. मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर हे इंग्रज होते, काळ ऐन युद्धाचा होता, तरी प्रश्न विचारला गेला व त्याचें सरळ उत्तर मिळालें. सरकारनें कांहीं दिवसांतच वटहुकूम काढून, मूळ कायदाच मागील तारखेपासून दुरुस्त झाला असें समजावें, असें जाहीर केलें. नागपूरच्या विमलाबाई देशपांडे यांनीं आपल्या पतीच्या अटकेविरुद्ध केलेल्या अर्जावरून नागपूरच्या हायकोर्टानें अटक बेकायदा ठरविली. सरकार प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें, आणि १९४६ सालीं तेथेंहि हरलें. संशयावरून अटक करणाऱ्या पोलीस अंमलदारानें आपला संशय वाजवी होता हें कोर्टास पटवून दिलें पाहिजे, असें त्यांत ठरलें. ज्या प्रिव्ही कौन्सिलनें १८२९ सालीं पुण्याची वेस बंद केली, त्यानेंच जातांजातां नागपुरास एक दार उघडलें!

स्वराज्य आल्यावर ही रेघ कायमची पुसली जाईल, असें कोणासहि वाटावें. १९५० च्या राज्यघटनेनें हा हुकूम काढण्याचा अधिकार सर्वोच्च व उच्च न्यायालयांस स्पष्ट शब्दांत दिला. परंतु जून १९७५ मध्यें आणीबाणी आली, आणि चौदा, एकवीस व बावीस या अनुच्छेदांखालील हक्कांसाठीं न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशानें स्थगित झाला. स्थानबद्धांचे अर्ज आले तेव्हां, हे अर्ज ऐकावयाचेच नाहींत, असा प्राथमिक आक्षेप सरकारनें घेतला. नऊ उच्च न्यायालयांनीं तो फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानें मात्र जबलपूरच्या शिवकांत शुक्ल प्रकरणांत, २८ एप्रिल १९७६ रोजीं, चार विरुद्ध एक अशा बहुमतानें तो मान्य केला. माल्कम जें न्यायालयाबाहेर राहून म्हणाले होते, तेंच या वेळीं सरकारनें न्यायालयांत येऊन म्हटलें, आणि न्यायालयानें मान डोलावली. त्या बहुमतांत पुण्याचे सुपुत्र न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासकारास टाळतां येणार नाहीं. विरोधी निकालपत्र एकट्या न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांचें. पुढच्या जानेवारींत त्यांस डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशास सरन्यायाधीशपद दिलें गेलें, व त्यांनीं राजीनामा दिला. रानहत्तीस वाटेवर आणण्याची एलनबरो यांची विद्या दीडशें वर्षांतहि विसरली गेली नव्हती.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं असें ठरविलें. आणि ऑगस्ट २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें १९७६ चा निर्णय चुकीचा होता असें सांगून तो रद्द ठरविला. तें निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. पित्याची चूक पुत्रानें न्यायासनावरून दुरुस्त करावी, हा योग आमच्या न्यायाच्या इतिहासांत विरळाच.

या सर्व कथेचें तात्पर्य आम्हांस असें दिसतें. रेघ ओढणारे लोक बहुधा दुष्ट नसतात. माल्कम सुजाण होते, नॉर्मन कायद्यास धरून वागले, १९७६ चे चौघे विद्वान् होते. प्रत्येकापाशीं राज्याच्या शांततेचें कारण होतें, आणि त्या त्या वेळीं तें खरेंहि वाटत होतें. परंतु ज्यास कोंडलें आहे त्याच्यापाशीं त्या एका प्रश्नावांचून दुसरें कांहींच नसतें, आणि तो प्रश्नहि त्याच्या वतीनें बाहेरच्या कोणीतरी विचारावा लागतो. मोरो रघुनाथाच्या वेळीं तो विचारणारे तीन न्यायाधीश होते; एका वर्षांत त्यांतले दोघे मृत्यूनें नेले, आणि उरलेल्यास एकटें पाडलें गेलें. आज पुण्याच्या कोणत्याहि कोठडींतील माणसासाठीं त्याची आई, पत्नी किंवा मित्र मुंबईच्या उच्च न्यायालयांत अर्ज करूं शकतो, आणि पोलिसांस तेथें येऊन जबाब द्यावा लागतो. १८२८ सालीं जें गव्हर्नरासहि मान्य नव्हतें, तें आज फौजदारावर बंधनकारक आहे. हें बंधन ओझ्यासारखें वाटूं लागून ‘असल्या माणसास कशाला हवा जबाब?’ असें आपणच घरच्या बैठकींत म्हणूं लागलों, म्हणजे नव्या रेघेची जागा आपण स्वतःच आंखून दिली, असें समजावें.